खंडू, आपलं नववं प्रकरण

खंडू,

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना विचारलं, "पंक्चर निघालं का?"

हे आधीच सांगून टाकतो, कारण गेले अकरा दिवस हा प्रश्न माझ्या कानातून जात नाही. मंगळवारी सकाळी तू वारूळवाडीहून जुन्नरला माझ्याकडे यायला निघालास. नारायणगावात स्कूटरचं मागचं चाक बसलं, म्हणून सलीमभाईंच्या दुकानात थांबलास आणि मला कळवलंस, 'अर्धा तास उशीर. चहा आत्ताच टाकू नको.' त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी सलीमभाई फोनवर सांगत होते, "सर, खंडूभाऊ बाकड्यावर बसल्या बसल्या कलंडले. लगेच दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणतात, गेले." आणि मी, पंचवीस वर्षं कॉलेजात शिकवणारा, शब्द तोलून वापरणारा माणूस, विचारतोय की पंक्चर निघालं का. सलीमभाईंनी त्याचंही उत्तर दिलं. "निघालं सर. बारका खिळा व्हता." 

चहाचं पातेलं मी ओट्यावर काढून ठेवलं होतं. दवाखान्यातून परत आलो तेव्हा ते तिथेच होतं. मी ते घासून पुन्हा जागेवर ठेवलं. न वापरलेलं पातेलं का घासलं, माहीत नाही.

त्या दिवशी तू कशासाठी येत होतास, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. भांडायला येत होतास. शुक्रवारचं भांडण अर्धवट राहिलं होतं.

दशक्रियेला आलेल्या कोणालाही आपल्या पुस्तकाबद्दल माहीत नव्हतं. विमान कंपन्या एकमेकींशी कशा लढतात, यावर दोघांनी मिळून मराठीत पुस्तक लिहायचं, हे तुझं खूळ. तुझी कंपनी बंद पडली आणि तू मुंबईतलं घर आवरून वारूळवाडीला परत आलास, त्या वर्षीचं. तू बोलायचास, मी लिहायचो. कोणतं विमान कोणत्या शहराला, दिवसातून किती वेळा आणि किती वाजता न्यायचं हे ठरवणाऱ्या खात्यात तुझी उमेदीची वर्षं गेली. मी स्पर्धेचं अर्थशास्त्र शिकवायचो, पण विमानात तोवर एकदाच बसलो होतो, तेही तुझ्यासोबत.

तो प्रवास आठवतो का? आपण दोघं नागपूरला चाललो होतो. विमान उडाल्यावर तू रांगेतल्या पलीकडच्या बाईंना अगदी आदबीने विचारलंस, "ताई, तिकीट कितीला पडलं?" त्यांनी सांगितलं. मग पुढच्या गृहस्थांना विचारलंस. त्यांनी बाईंच्या निम्मा आकडा सांगितला. बाई उसळल्या. "एकाच विमानात? खिडकीसुद्धा त्यांनाच?" गृहस्थ संकोचून म्हणाले, "मी दोन महिने आधी काढलं होतं हो." बाई नागपूर येईपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. उतरताना मी तुला म्हणालो, "कशाला त्यांचा प्रवास नासवलास?" तू म्हणालास, "मास्तर, तुझ्या वर्गात जे तू तीन तासांत शिकवतोस ते मी तीन मिनिटांत शिकवलं. आणि ती बाई जन्मात विसरणार नाही. तुझी पोरं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात."

तसंच तू ते टोमॅटोचं सांगितलंस, आणि ते आपल्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान झालं. टोमॅटोचं क्रेट आज नाही गेलं तर उद्या पडत्या भावात का होईना जातं. विमानातली रिकामी खुर्ची मात्र विमानाने जमीन सोडली की कायमची गेली. म्हणून शेवटच्या दिवशी ती मिळेल त्या भावात विकायचा मोह प्रत्येक कंपनीला होतो. एकीने भाव पाडला की दुसरीला पाडावाच लागतो, आणि दोघीही तोट्यात उडत राहतात. 'सगळी भांडणं त्या एका खुर्चीतून सुरू होतात,' हे वाक्य तुझंच आहे. मी त्यात काना-मात्राही बदलला नाही.

आठ प्रकरणं अशी सरळ झाली. नववं तुझं स्वतःचं होतं आणि ते सरळ झालं नाही.

मी ते पुन्हा एकदा क्रमाने मांडतो. तू नाहीस, म्हणून मध्येच थांबवायला कोणी नाही. तुमच्या कंपनीची एका डोंगराळ शहराला सगळ्यात आधीपासून सेवा होती. प्रतिस्पर्धी कंपनीची तशीच समुद्रकाठच्या एका शहराला होती. पुढे तुम्हीही समुद्रकाठच्या शहराला रोज तीन फेऱ्या सुरू केल्या. मग एका हंगामात ती कंपनी तुमच्या डोंगराकडच्या शहरात उतरली, स्वस्त तिकिटं घेऊन. तुमच्याकडे सगळे म्हणत होते की आपणही भाव पाडू, दोन्हीकडे लढू. तू वरिष्ठांना उलटा सल्ला दिलास. समुद्राकडच्या तिन्ही फेऱ्या एका फटक्यात बंद करा. आम्ही तुमच्या वाटेतून बाजूला झालो, आता तुम्ही आमच्या वाटेतून व्हा, हे त्यांना न बोलता कळेल. वरिष्ठांनी तुझं ऐकलं. समोरच्याला काहीच कळलं नाही. तुम्ही रिकाम्या केलेल्या वेळा त्यांनी उचलल्या आणि डोंगराकडच्या फेऱ्या दुप्पट केल्या. तुम्ही दोन्ही शहरं गमावलीत. कंपनी पुढे बुडाली ती काही एवढ्यानेच नाही, इंधन होतं, भाड्याची विमानं होती, हे तूच मला दहा वेळा सांगितलंस. पण बुडण्याची सुरुवात तू तिथूनच मोजायचास.

आणि तो सल्ला तुला सुचला होता तुझ्या मेंढपाळ आजोबांवरून. पिकं निघाली की शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. कोणत्या गावची रानं कोणाच्या कळपाची, हे मेंढपाळांमध्ये ठरलेलं असतं, कागद नसतो. तू नऊ वर्षांचा असताना आजोबा मंचरजवळ एका रानात पोहोचले, तर तिथे दुसऱ्याचा कळप आधीच होता. आजोबांनी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, गुंडाळलं आणि निघाले. पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या माणसाने तुमच्या वाट्याचं गाव तसंच तुमच्यासाठी सोडलं. ही गोष्ट तू मला शाळेत सांगितली होतीस. ऑफिसातही सांगायचास. अख्ख्या मुंबईत विमानाचं वेळापत्रक आखताना मंचरचं रान डोळ्यापुढे आणणारा तू एकटाच असशील.

शुक्रवारी मी तुला नवव्या प्रकरणाचा माझा मसुदा वाचायला दिला. त्यात मी लिहिलं होतं, 'हा निर्णय एका अननुभवी अधिकाऱ्याने भावनेच्या भरात सुचवला.' तुला सांभाळून घेतोय असं मला वाटत होतं. नाव घातलं नव्हतं, अननुभवी म्हणून दोष हलका केला होता. तू ते वाचलंस आणि चष्मा काढून ठेवलास.

"मास्तर, म्हणजे तुझं म्हणणं, मी मेंढरं आणि विमानं एकात कालवली."

"कालवलीस असं नाही. पण समोरच्याला तू भाऊबंद समजलास."

"भाऊबंद नाही रे, शेजारी. शेजाऱ्याला पुढच्या वर्षीही तिथंच राहायचं असतं."

"त्यांना कुठे पुढच्या वर्षाची पर्वा होती? आणि तुझे आजोबा बाजारात भेटून बोलू शकत होते. तुम्ही नाही."

"तेच तर म्हणतोय मी! मी त्यांच्या माणसाला एक फोन केला असता तर स्पर्धेच्या कायद्याखाली आम्ही दोघंही आत. रीत बरोबर होती. आमचं तोंड बांधलं होतं."

"जिथे तोंड बांधलेलं असतं तिथे ती रीत चालत नाही. एवढंच मी लिहिलंय."

"तू कधी मेंढरामागं दोन पावलं चाललास का रे? पुस्तकात वाचून मला रीत शिकवतो."

आणि मग मी ते म्हणालो. "तू तरी किती चाललास? नवव्या वर्षी तर तुला आत्याकडे शाळेत आणून टाकलं."

तू मसुदा घडी करून पिशवीत ठेवलास, चप्पल घातलीस. दारात फक्त "मंगळवारी येतो" म्हणालास. ते तू माझ्याशी तोंडाने बोललेलं शेवटचं.

तिसऱ्या दिवशी सुनंदावहिनींनी तुझी पिशवी माझ्या हातात दिली. "तुमचे कागद आहेत भाऊजी. शनिवार-रविवार तेच घेऊन बसले होते. जेवायला हाक मारली तरी उठेनात." मला ते उघडायचा धीर होत नव्हता. मला वाटलं, आत माझ्यावरचा राग असेल. रागच होता, पण वेगळा. माझ्या त्या वाक्याच्या बाजूला तू पेन्सिलने लिहिलं होतंस, 'अननुभवी नको. सात वर्षं झाली होती. भावनेच्या भरात नको. तीन आठवडे आकडे मांडले होते. नाव घाल. चूक म्हणायची तर पूर्ण म्हण, सवलत नको.'

मी ते ओसरीवरच्या खुर्चीत बसून वाचलं. वहिनींनी विचारलं, "काही महत्त्वाचं आहे का?" मी नकारार्थी मान हलवली. काय सांगणार होतो त्यांना? तू गेलास यावर ज्या घरात अजून कोणाचा विश्वास बसत नाही, तिथे बसून मी वाचत होतो की माझा मित्र स्वतःवरचा आरोप अधिक नेमका करून मागतोय.

सवलत मागितली नाहीस, तरी तुझं मत बदललं होतं असंही त्यात कुठे दिसत नव्हतं. 'चूक म्हणायची तर.' म्हणजे म्हणायची की नाही, हे तू मंगळवारी सांगणार होतास. काय सांगणार होतास, खंडू? पुस्तकाचा सगळा भार त्या प्रकरणावर आहे. ते मी कसं संपवू? तुझं मत लिहिलं तर मला पटत नाही. माझं लिहिलं तर तू उत्तर देऊ शकत नाहीस, आणि उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसावर पुस्तकात निकाल द्यायचा, तोही त्याचंच नाव मुखपृष्ठावर ठेवून, हे मला जमणारं नव्हतं. पुण्याला प्रकाशकांना फोन करून नववं प्रकरण गाळतो म्हणून सांगावं, इथवर मी आलो होतो.

दहाव्या दिवशी मीना नदीच्या घाटावर तुझा विधी झाला. प्रवचन झालं आणि मग रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं. एका पुढाऱ्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, "आपल्या मातीतला हा वैमानिक आकाशात उंच उंच उडाला."  माझ्या शेजारी तुझे धाकटे चुलते, आप्पा, बसले होते. तुमच्या घरात अजून मेंढरं राखणारे तेवढेच. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, खंड्यानं इमान कवा उडिवलं?"

"नाही आप्पा. विमान कुठे जायचं ते तो ठरवायचा."

"मंग बराबर," आप्पा म्हणाले. "म्हंजी आमचंच काम."

मला हसू आलं आणि त्याच वेळी पहिल्यांदा रडू आलं. दहा दिवसांत आलं नव्हतं.

पंगती उठल्यावर मी आप्पांना एका बाजूला घेतलं आणि मंचरच्या त्या रानाची गोष्ट विचारली. तुझ्यावर संशय म्हणून नाही. मला ती फक्त एकदा दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची होती, तू जशी सांगायचास तशी.

"हां, आठवतंय की," आप्पा म्हणाले. "लई झाली वर्सं. रानात गेलो तर त्या पावण्याची मेंढरं बसलेली. मंग आमी बी शेजारच्या तुकड्यात वाघर लावली. तीन दिस बसलो."

"तीन दिवस?"

"तर! त्याच्या डोळ्यासमोर आमची मेंढरं मोजून घेतली. त्याच्याइतकीच व्हती, चार जास्तच. शेतकरी येऊन म्हनला, तुमी बी ऱ्हावा, मला खतच पायजे. तवा म्हातारा, म्हंजी खंड्याचा आज्जा, सगळ्यादेखत म्हनला, ऱ्हायलो तर म्हैनाभर ऱ्हाऊ, आमाला कोन उठिवतो? पर रान ह्येंचं हाय. आमी उठतो. आनि चौथ्या दिशी उठलो."

"खंडू तर सांगायचा, आजोबांनी पाहिलं आणि लगेच निघाले."

आप्पा म्हणाले, "त्यानं कुठनं बघितलं ते? त्यो शाळंत व्हता नारायनगावला. सुट्टीचा एसटीनं आला चौथ्या दिशी. त्यो आला तवा आमी वाघर गुंडाळत व्हतो."

 खंडू, तू फक्त उठणं पाहिलंस. बसणं पाहिलंच नाहीस. आयुष्यभर त्या गोष्टीचा शेवट तू पूर्ण गोष्ट म्हणून जवळ बाळगलास, आणि त्यावर दोन शहरांच्या विमानसेवेचा निर्णय सांगितलास.

आप्पांनी मी न विचारता पुढचं सांगितलं. "बसल्याबिगर उठलं, तर समोरचा म्हनतो, पळाला. त्येला कसं कळावं, की तुमी सोडून दिलं? आदी दाखवायला लागतंय, की आमाला ऱ्हाता येतंय."

म्हणजे शुक्रवारी आपण दोघंही चुकलो होतो. तू म्हणत होतास, बोलता आलं असतं तर रीत चालली असती. मी म्हणत होतो, ही रीत तिथे चालणारच नव्हती. आणि ते तीन दिवस म्हणजे त्या दुसऱ्या मेंढपाळाशी तोंड न उघडता बोलणंच होतं; आजोबा बोलले ते शेतकऱ्याशी. ना फोन, ना कायद्याचा भंग. तुम्हालाही तसंच करता आलं असतं: आधी डोंगराकडे त्यांच्या भावाला भाव लावायचा, समुद्राकडे तीनच्या चार फेऱ्या करायच्या, महिनाभर तोटा सोसून आपलं बळ दाखवायचं आणि मग समुद्राकडून उठायचं. ताकद दाखवल्याशिवाय घेतलेली माघार कोणी सौजन्य समजत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. तू समोर बसून इतकी वर्षं ही गोष्ट सांगत होतास आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की अरे, ते आल्या पावली निघाले कसे?

आणखी एक आहे, तेही लिहितो. तुला गप्प करायला मी जे बोललो, 'तू तरी किती चाललास?', तेच खरं निघालं. मी ते दुखवायला बोललो होतो. खरं निघालं म्हणून त्याचा दुखवण्याचा हेतू पुसला जात नाही. त्याबद्दल मला तुझी माफी मागायची होती आणि चहा पिता पिता मागेन असं ठरवलं होतं.

आप्पांना मी सगळं सांगितलं. पुस्तक, नववं प्रकरण, तुझा सल्ला, दोन शहरं. खाली घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "आप्पा, हे असं छापू का? खंडूची चूक झाली, त्याला रीत अर्धीच माहीत होती, असं? तो तर आता नाही."

आप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. "छापा की. चुकला तर चुकला. पर येक करा सर. त्याला अर्धी म्हाईत व्हती ह्ये लिवाल, तर का म्हाईत व्हती त्ये बी लिवा. शिकून मोटा व्हईल म्हून आमीच त्याला मेंढरातनं काढला. इमानाच्या हापिसात त्याला आमचं ग्यान लागंल, आसं कुनाला वाटलं व्हतं? आमीच सांगितलं न्हाई त्याला. आमचं बी नाव घाला त्यात."

आज मी ते लिहिलं. तू सांगितलंस तसं तुझं नाव घातलं. अननुभवी काढलं, सात वर्षं घातली. सवलत दिलेली नाही. आजोबांचे तीन दिवस घातले, एसटी घातली, तुला नवव्या वर्षी शाळेत घालणारं घर घातलं, आणि शाळेपासून ती गोष्ट ऐकूनही एक साधा प्रश्न न विचारणारा शिक्षकही घातला. लिहिताना दोनदा फोन उचलला, तुला एक शब्द विचारायला. तुझा नंबर लावून कापला. अजून हाताला कळलेलं नाही.

आप्पांची मेंढरं सध्या मंचरच्या अलीकडे कांदा काढलेल्या रानात बसली आहेत. शनिवारी मी तिकडे जाणार आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार आहे. तिकिटांच्या भावांची कोष्टकं तेवढी सोडून. ते तोंडाने काही बोलायचे नाहीत, एवढं त्यांना मी ओळखतो. पटलं नाही तर मध्येच उठून मेंढरांकडे जातील, आणि मी घरी येऊन पुन्हा लिहायला बसेन. शेवटच्या ओळीपर्यंत बसून राहिले, तर सोमवारी कागद पुण्याला छापायला जातील आणि तू चुकलास हे आपल्या दोघांच्या नावाने छापून येईल.